तिफणीची पाभर कुणी केली?

कापूसकोंड्या
मंडळी, एक गाऱ्हाणं आहे. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

दिवाळीत गावी (वाशीम जिल्हा) गेलो तेव्हा कोठ्यात आमची जुनी तिफण (बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार) दिसली. पेरणी आता ट्रॅक्टरने होते, तिफणीवर रात्री कोंबड्या बसतात. म्हटलं, हिचं सरपण व्हायच्या आत कुठेतरी लिहून ठेवावं. एका खुल्या ज्ञानकोशावर (कुठल्या ते विचारू नका, सगळीकडे हेच) लेख नव्हता, तो मी सुरू केला. बाबांना दोन संध्याकाळी समोर बसवलं. फण कोणत्या लाकडाचे, चाडं कसं कोरायचं, नळ्या चाड्यातून फणापर्यंत कशा उतरवायच्या, रुमणं कुणी धरायचं, चाड्यावर मूठ कुणी धरायची, मागून सरत्याने तुरीची ओळ कोण टाकायचं, सगळं लिहिलं. शब्द बाबांचेच ठेवले. त्या वस्तूंना दुसरे शब्द मला माहीतच नाहीत.

परवा उघडून पाहतो तर लेखाचं नाव 'पाभर'. चाड्याचं 'बीजपात्र', नळ्यांच्या 'बीजनलिका', रुमण्याचं 'हस्तक', बायांच्या 'महिला', आणि सरत्याचं आख्खं वाक्य गायब. बदलाचं कारण: 'शुद्धलेखन व प्रमाणीकरण'.

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे कोनतं यंत्र आहे? सबसिडी हाय का याच्यावर?"

तर प्रश्न असा, की जिथे कुणीही येऊन लिहितं आणि कुणीही येऊन खोडतं, तिथली मराठी कुणाची? मी परत माझे शब्द घालू की गप्प बसू?

अर्धविराम
'बीजनलिका' वाचून मला आधी डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवरचा तक्ता आठवला.

रंकाळाकाठ
आमच्याकडं कुरी. विषय संपला.

वऱ्हाडी_ठेचा
काऊन बावा, विषय कसा काय संपला? कोल्हापूरवाल्यांनी एक शब्द टाकला की विषय संपते का? तिफण म्हणजे तिफण. 'ति' म्हणजे तीन. तीन फण असते तिले म्हणून तिफण. दोन असले तर दुफण, चार असले तर चौफण. ज्यानं पाभर केलं त्यानं फण मोजले होते का?

रंकाळाकाठ
@वऱ्हाडी_ठेचा, चिडू नका भाऊ. कुरी हा शब्द कानडी 'कूरिगे'वरून आलाय, आमचं अर्धं शेत तिकडूनच आलंय. कुरीला पण फण असतात, आम्ही मोजून नाव ठेवत नाही एवढंच.

ऱ्हस्वदीर्घ
मी इथे थोडा अप्रिय सूर लावतो. कापूसकोंड्या, तुमची भावना पोचली, पण ज्ञानकोश म्हणजे आठवणींची वही नाही. सिंधुदुर्गातल्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी पेरणीची अवजारं शोधली तर तिला 'रुमणं' कळणार आहे का? सगळ्यांना समजेल अशी एक लेखी भाषा असावी म्हणूनच तर साहित्य महामंडळाने नियम केले आणि १९६२ साली शासनाने ते स्वीकारले. आधी चौदा होते, १९७२ला चार वाढले, आज अठरा आहेत. प्रत्येक जिल्ह्याने आपापली मराठी लिहायची ठरवली तर ज्ञानकोश नाही, आठवडी बाजार होईल.

फणसगर
सिंधुदुर्गातली मुलगी हजर आहे. (वय वर्षे बावन्न, चालेल ना?)

बाळा ऱ्हस्वदीर्घ, माका 'हस्तक'सुद्धा कळाक नाय हां. हस्तक म्हणजे निवडणुकीत कुणाचा तरी माणूस असतो तो. आमच्याकडे मुळात पेरणीच नाही अशी. तरवा पेरायचा, मग तो काढून लावणी. तिकडे ठाण्या-रायगडाकडे त्याच रोपांना 'आवण' म्हणतात. माझी जाऊ पेणची. लग्न होऊन आली त्या पावसात "आवण कुठे आहे" विचारत अर्धा दिवस फिरत होती, आणि सासूबाई तिला सावंतांच्या आवाटात पाठवून बसल्या. असे घोळ होतात, पण होतात म्हणून दोघींचे शब्द काढून 'भातरोपिका' करायची का?

नवी_पाटी
काकू हहपुवा!! :)) आवाट म्हणजे?

फणसगर
वाडी गो. पाच-पंचवीस घरांची.

मोलेसवर्थचा_नातू
ऱ्हस्वदीर्घ, थोडी गल्लत होते आहे. ते अठरा नियम मी कपाटाला चिकटवून ठेवलेत. अनुस्वार कुठे, ऱ्हस्व-दीर्घ कुठे, सामान्यरूप कसं लिहायचं, हे त्यात आहे. 'चाडं' म्हणावं की 'बीजपात्र' याबद्दल त्यात अवाक्षर नाही. 'चाडं'चं 'चाडे' केलं तर त्याला प्रमाणीकरण म्हणा, मी वाद घालणार नाही. 'चाडं'चं 'बीजपात्र' केलं ते शुद्धलेखन नव्हे, ते बारसं आहे.

आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या शब्दांचं काय करायचं हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी सुटलेला आहे. दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला. कुठलंही पान उघडा. शब्दापुढे कंसात (व.) म्हणजे वऱ्हाडी, (गो.) म्हणजे गोमंतकी, (कु.) कुडाळी, (बे.) बेळगावी, (खा.) खानदेशी. शब्द घेतला आणि त्याचं गावही लिहिलं. त्यांच्याकडे संगणक नव्हता, चिठ्ठ्या होत्या. आपल्याकडे एका टिचकीत पुनर्निर्देशन (एक नाव शोधलं की दुसऱ्या नावाच्या पानावर नेणं) करायची सोय आहे आणि आपण शब्द पुसत बसलोय.

अर्धविराम
+१. 'ते बारसं आहे' हे वहीत लिहून घेतलंय.

पुणे_तीस
मुळात विकी, ब्लॉग, फेसबुक सगळीकडच्या मराठीचाच बट्ट्याबोळ झालाय. बोलीबिली सोडा, हिंदी घुसलीय. 'माझी मदत केली', 'त्याने मला बोलला', 'धक्कादायक खुलासा'. अरे खुलासा म्हणजे स्पष्टीकरण! साहेबांनी खुलासा मागवला की कारकुनाला घाम फुटतो तो खुलासा. हिंदीत त्याचा अर्थ गौप्यस्फोट. आता मराठी बातम्यांत रोज कुणीतरी 'मोठा खुलासा' करतं आणि मी वाट बघतो की स्पष्टीकरण कधी येणार.

वऱ्हाडी_ठेचा
@पुणे_तीस, नागपुरात या, आम्ही 'करून राहिलो' म्हणतो तर तुम्ही हिंदी म्हणता. आमची आजी हिंदी शाळेत गेली नव्हती. ती कोन्त्याच शाळेत गेली नव्हती.

पुणे_तीस
तुमच्याबद्दल बोललो नाही हो. (बघा, मीही 'बोललो'. म्हणालो नाही.)

मडगांवकार
जरा शेजारचं सांगतो. कोकणी विकिपीडिया २०१५ साली सुरू झाला. पहिल्या दिवसापासून प्रश्न शब्दांचा नव्हताच, लिपीचा होता. एक लेख देवनागरीत, दुसरा रोमीत, म्हणजे रोमन अक्षरांतल्या कोकणीत. शब्दही वेगळे. माझ्या घरी 'लग्न', शेजारच्या घरी 'काजार', पोर्तुगीजांकडून आलेला. दोन्ही कोकणीच. त्याआधी २०१३ला गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला होता, तो देवनागरीत. तेव्हा छापील वारसा एका लिपीत आणि लिहायला उत्सुक माणसं दोन्हींत, अशी गंमत. भांडणं भरपूर झाली. पण 'तुमचं काजार पुसून माझं लग्न लिहितो' असं कुणी केलेलं मी तरी पाहिलं नाही. केलं असतं तर चुलीवरचं हुमण (माशाची आमटी) टाकून लोक भांडायला आले असते.

बे_एरियातला_बंड्या
इंग्रजीत हे भांडण फार जुनं. 'कलर' यू घालून लिहायचा की यू न घालता? इंग्रजी विकिपीडियाने नियम केला: ज्या देशाचा विषय, त्या देशाची इंग्रजी. आणि विषय कुठल्याच देशाचा नसेल तर लेख ज्या पद्धतीत सुरू झाला ती चालू ठेवा, उगीच बदलू नका. एवढं असूनही दह्याच्या लेखाच्या नावात एच असावा की नसावा यावर लोक कित्येक वर्षं भांडले. दही!

पण उलट बाजूही सांगतो, कारण इथे सगळे बोलीच्या बाजूने वाहवत चाललेत. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं प्रकरण २०२० साली उघड झालं. वीस हजारांहून जास्त लेख एका अमेरिकन पोराने लिहिले होते आणि त्याला ती भाषाच येत नव्हती. शब्दकोशातून एकेक शब्द उचलून इंग्रजी वाक्यात चिकटवायचा. पोरगा वाईट नव्हता, बारा वर्षांचा असताना हौसेने सुरू केलं होतं त्याने. कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ज्यांना भाषा येत होती ते तिथे लिहितच नव्हते. त्यामुळे उद्या पुण्यात बसून कुणी 'गावरान टच' म्हणून वऱ्हाडी लिहायला लागला तर?

वऱ्हाडी_ठेचा
लागला तर? मालिकांमध्ये रोज तेच चालते ना.

नवी_पाटी
इथे नवीन आहे म्हणून विचारते, हसू नका. मी वर 'हहपुवा' लिहिलं ते बाकीचे लिहितात म्हणून लिहिलं. त्याचा अर्थ काय? आणि 'पुलेशु', 'चोप्यपस्ते'?

अर्धविराम
हसून हसून पुरेवाट. पुढील लेखनास शुभेच्छा. चोप्यपस्ते म्हणजे कॉपी-पेस्ट, जीभ अडखळल्यासारखं. राहिलेले पण घे: भापो (भावना पोचल्या), पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), ढकलपत्र (पुढे ढकललेली ईमेल, आता कालवश), कायप्पा (व्हॉट्सॅप), डुआयडी (एकाच माणसाचं दुसरं सोंग), जिलब्या पाडणे (दिवसाला तीन लेख). परीक्षा शुक्रवारी.

मोलेसवर्थचा_नातू
नवी_पाटीने नकळत मुद्द्यावर बोट ठेवलं. हे शब्द कुठल्या समितीने केले? रोज लिहिणाऱ्यांनी केले, थट्टेत केले, आणि टिकले. याउलट ब्लॉगला 'अनुदिनी', 'जालनिशी' असे छान शब्द सुचवले गेले. जालनिशी तर रोजनिशीच्या चालीवर चपखल बसतो. तरी लोक ब्लॉगच म्हणाले. सावरकरांचे 'महापौर', 'दिग्दर्शक' घराघरांत गेले, 'नभोवाणी' गेली नाही. का ते सांगता येत नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर. तिथल्या मंडळींनी घडवलेले काही शब्द तर मला फार आवडतात. सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानाला 'चावडी'. यांत्रिक बदल करणाऱ्या प्रोग्रॅमला 'सांगकाम्या'. गोष्टीतला सांगकाम्या कसा, सांगितलं तेवढंच करतो, अक्कल वापरत नाही. बॉटचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. आणि नवख्याने सराव करायच्या पानाला 'धूळपाटी'. पूर्वी पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवत, चुकलं की हात फिरवून परत सुरू. इंग्रजीत त्याला 'वाळूचा खोका' म्हणतात. ते शब्दशः मराठीत आणलं असतं तर मांजरीची सोय वाटली असती.

फणसगर
मांजरीची सोय!! बाबल्या उठान बसलो माझ्या हसण्यान.

ऱ्हस्वदीर्घ
धूळपाटी मान्य. पण मूळ मुद्द्याला कुणी हात लावत नाहीये. अनेकांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात एक वाक्य 'असे केले', पुढचं 'असं केलं', तिसरं 'अशे केले' असेल तर तो लेख वाचवतो का? आणि शोध घेताना काय? माझ्याच नावाचं उदाहरण देतो. माझ्या नावातला पहिला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला 'ऱ' वापरून. दुसरा, साध्या र्‌पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. डोळ्याला दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला वेगळे. परिणाम: इथे मला 'उल्लेख' करू पाहणारे अर्धे लोक 'असा सदस्य नाही' बघून परत जातात. सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, सगळ्यांचं हेच. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक अ काढून त्यावर चंद्र ठेवत. आजही दोन्ही चालू आहेत, त्यामुळे एकाच ॲल्युमिनियमचे दोन-दोन लेख सापडतात. ही खरी प्रमाणीकरणाची गरज.

कापूसकोंड्या
@ऱ्हस्वदीर्घ, हे माहीत नव्हतं. आत्ता करून पाहिलं, माझ्या लेखात 'वाऱ्यावर' शोधलं, सापडलं नाही. समोर दिसतंय तरी. भूत बघितल्यासारखं वाटलं.

अर्धविराम
म्हणजे वाऱ्यावर सोडलेला शब्द.

खोडरबर
नमस्कार. मी येथे क्वचित लिहितो. कापूसकोंड्या यांच्या लेखातील तो बदल मी केला होता.

मी निवृत्त शिक्षक आहे. रोज रात्री जेवणानंतर दोन तास अशा लेखांची साफसफाई करतो. कोणी सांगितलेले नाही, पैसे मिळत नाहीत, शिव्या मिळतात. एका रात्री साधारण तीस लेख पाहतो. त्यातील वीस हे यंत्राने भाषांतरित केलेले असतात. 'तो त्याच्या गायनासाठी सर्वोत्तम ओळखला जातो', 'हे शहर नदीच्या काठांवर खोटे बोलते'. होय, 'खोटे बोलते'. इंग्रजीत 'लाय' म्हणजे वसणे आणि खोटे बोलणे, यंत्राने दुसरा अर्थ घेतला. पाच लेख 'हे अमुक तालुक्यातील एक गाव आहे' एवढेच सांगतात. उरलेल्यांत चरित्रे, जिथे पहिल्या वाक्यात 'ते', दुसऱ्यात 'तो' आणि तिसऱ्यात 'साहेब'. असे तीस झाल्यावर 'तिफण' समोर आली.

आता कबुली. 'बीजपात्र' आणि 'बीजनलिका' मी एका कृषिविषयक पुस्तिकेतून घेतले, ते चुकले असे आता वाटते. 'सरतं' मला कोठेही सापडले नाही म्हणून वाक्य काढले. विचारायला हवे होते. परंतु माझीही बाजू ऐका. तुमच्या लेखात 'आमच्याकडे' हा शब्द सात वेळा होता. वाचणाऱ्याला आमच्याकडे म्हणजे कोठे हे कसे कळावे? फण किती खोल जातो तर 'मोप'. तूर किती ओळींनी तर 'आपल्या हिशोबाने'. हे वाचून पुढील पिढी काय शिकणार?

कापूसकोंड्या
सर, तुम्ही इथे याल असं वाटलं नव्हतं. वर रागात लिहिलं, त्याबद्दल माफ करा. 'आमच्याकडे' सात वेळा आहे हे मोजलं आणि मान्य केलं. 'मोप' पण मान्य. बाबांना 'किती खोल' विचारलं तेव्हा त्यांनी बोटं दाखवली, मला ती लिहिता आली नाहीत.

एकच विचारतो. बाकीचं ठीक, पण 'तिफण'चं 'पाभर' का केलं?

खोडरबर
कारण पाभर हा सर्वत्र चालणारा शब्द आहे. माझे आजोळ निफाडकडचे. लहानपणापासून आम्ही पाभरच म्हणत आलो.

वऱ्हाडी_ठेचा
सर, राग मानू नका, पण तुमच्या मामाच्या गावचा तो प्रमाण शब्द, आन् कापूसकोंड्याच्या बाबाचा तो बोलीतला?

अर्धविराम
*(खुर्ची सरसावून बसलो आहे)*

खोडरबर
(उत्तराला एक दिवस लागला, क्षमस्व.) हे मला कधी सुचले नव्हते. तीस वर्षे मी मुलांच्या निबंधांत 'वखर'चे 'कुळव' करत आलो. नोकरी जळगाव भागात होती. मुले घरी वखर चालवून शाळेत येत.

फणसगर
सर, असूं दे. आमचे बाई 'माका'चा 'मला' करायचे आणि हातावर पट्टी पण द्यायचे. तुम्ही नुसता शब्द बदललात.

ऱ्हस्वदीर्घ
हे सगळं हृद्य वगैरे आहे, पण निर्णय काय? लेखाचं शीर्षक एकच असतं. तिफण, पाभर, कुरी, तीन शीर्षकं देता येत नाहीत. कुठलंही एक निवडलं की उरलेले दोन जिल्हे नाराज.

मोलेसवर्थचा_नातू
मराठी विश्वकोशात वनस्पतींच्या नोंदी बघा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईला झालेलं काम ते. नोंद सुरू झाली की लगेच कंसात नावांची रांग: हिंदीत काय, गुजरातीत काय, कन्नडमध्ये काय, संस्कृतमध्ये काय, शेवटी लॅटिन. मग मजकूर. तसंच इथे करा. शीर्षक ज्याने लेख सुरू केला त्याचं, म्हणजे तिफण. बंड्याने सांगितलेला दह्याचा नियम. पहिल्या ओळीत: पाभर (नाशिक), कुरी (कोल्हापूर, बेळगाव). त्या दोन्ही नावांनी शोधलं तरी याच पानावर यावं. सरतं-चाडं आहे तसं ठेवायचं, फक्त पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात ते काय असतं ते सांगायचं. 'चाडं म्हणजे बी सोडायचं लाकडी वाडगं' इतकं पुरे. सिंधुदुर्गच्या मुलीलाही कळेल, वय कितीही असो.

वऱ्हाडी_ठेचा
पन तिफणीले तीन आन् पाभरीले दोन-चार फण असले तर दोन्ही एक कसे? याचं उत्तर कोणी द्या आधी.

रंकाळाकाठ
हे खरं आहे. आमच्या कुरीला चार. मग लेख दोन करायचे की एक?

खोडरबर
निफाडला मामेभावाला फोन केला. त्याच्या मते पाभर दोन फणांचीही पाहिली आहे, तीनाचीही आणि चाराचीही. म्हणजे पाभर हे जातीचे नाव आणि तिफण हा तिचा प्रकार, असे मांडता येईल. मात्र हे मी मामेभावाच्या सांगण्यावरून लिहितो. संदर्भ म्हणून मामेभाऊ चालत नाही.

पुणे_तीस
मामेभाऊ चालत नाही आणि कापूसकोंड्याचे बाबाही चालत नाहीत. छापील काहीतरी लागणार. हीच खरी अडचण आहे, शब्द नव्हे. ज्यांनी तिफण हाकली त्यांनी लिहिलं नाही, ज्यांनी लिहिलं त्यांनी हाकली नाही.

मोलेसवर्थचा_नातू
दाते-कर्वे छापील आहेत. आज संध्याकाळी वाचनालयात जातोय, तिफण, पाभर, कुरी तिन्ही बघून येतो. मोलेसवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तर जालावर फुकट आहे, १८५७ची आवृत्ती. तो कुणी बघा.

नवी_पाटी
मी बघते. (आजोबांचं नाव घेऊन बसलात आणि काम मला!)

कापूसकोंड्या
कालच्या रविवारी गावी जाऊन आलो. लेख आता असा आहे: शीर्षक तिफण, पहिल्या ओळीत पाभर आणि कुरी, तिन्ही एकच की वेगळ्या हे चर्चापानावर, छापील काही सापडेपर्यंत तिथेच राहील. 'आमच्याकडे' सातही ठिकाणी काढलं, 'वाशीम भागात' घातलं. 'मोप'च्या जागी 'चार बोटं', बाबांची बोटं मोजून. सरतं परत आणलं, सोबत अर्धं वाक्य: 'तिफणीच्या मागे दोरीने बांधलेली पोकळ नळी, तीतून आंतरपिकाचं बी सोडतात'. खोडरबर सरांनी 'पोकळ' खोडलं, कारण नळी पोकळच असते. बरोबर आहे. 'महिला'च्या परत 'बाया' केल्या. सरांनी त्या राहू दिल्या.

रंकाळाकाठ
फोटो?

कापूसकोंड्या
तोच तर सांगायचा होता. कोंबड्या हुसकावून तिफण अंगणात काढली, धुतली, चाडं-नळ्या जोडल्या, चारी बाजूंनी फोटो काढून लेखात टाकले. रात्री बाबांना मोबाईलवर दाखवले. त्यांनी चष्मा लावून मोठं करून पाहिलं, आणि म्हणाले, "चाडं उलटं बसवलं तुनं."

पुढच्या रविवारी परत जातोय.